गझल गटात अभिप्राय कसा लिहावा: मोजणीपासून उत्तरापर्यंत

व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवरच्या मराठी गझल गटात नवी गझल आली की तिच्याखाली बहुतेक दोनच तऱ्हेचे अभिप्राय दिसतात. एकीकडे 'वाह, क्या बात', टाळ्या आणि गुलाबाची फुलं. दुसरीकडे 'वृत्त सांभाळा', 'वाचन वाढवा', 'गझलियत जाणवली नाही'. पहिल्यातून लिहिणाऱ्याला कोणता शेर, म्हणजे दोन ओळींचं कडवं, पोचला हे कळत नाही. दुसऱ्यातून नेमकं कुठे चुकलं हे कळत नाही. मग तीच चूक पुढच्या दहा गझलांत राहते आणि दोष मात्र 'गटात कुणाला टीका सहन होत नाही' असा लोकांच्या स्वभावाला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा टीका करण्याची रीतच चुकलेली असते.

अभिप्रायात तीन गोष्टी हव्यात: चुकीची जागा, तिचं कारण, आणि लिहिणाऱ्याला ते स्वतः पडताळून पाहता येईल एवढा तपशील. दुरुस्ती त्याची त्याला करू द्यावी. खालचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम बदलला की काय बिघडतं, तेही त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

सगळीकडे एकच नमुना घेऊ. हे तीन शेर केवळ या लेखासाठी रचले आहेत आणि त्यांत मुद्दाम दोष ठेवले आहेत:

तुझ्या अंगणाला कुठे दार आहे
मनाला मनाचाच आधार आहे

दिवे लावले मी किती उंबऱ्याशी
तरी आत अंधार फार आहे

उगा दोष देतात सारे ढगांना
तुझे नाव घेताच हा पूर आहे

टप्पा १: लिहिण्याआधीची तयारी

गटाचे नियम आधी पाहा. ते बहुतेक गटाच्या वर्णनात किंवा वर टाचून ठेवलेल्या संदेशात असतात. तीन गोष्टी शोधा. अक्षरगणवृत्तात, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तात, एका गुरूच्या (दोन मात्रांच्या अक्षराच्या) जागी दोन लघू (एकेका मात्रेची अक्षरं) चालतात का? स्वरकाफिया, म्हणजे केवळ स्वरावर जुळणारा काफिया (यमक), चालतो का? आणि ही गझल तरहीची आहे का? तरहीत मिसरा (शेराची एक ओळ) आयोजकांनी दिलेला असतो, त्यामुळे वृत्त, काफिया आणि रदीफ (काफियानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द) तिथेच ठरून गेलेले असतात. त्या जमिनीबद्दलची, म्हणजे या तिन्हींच्या ठरलेल्या चौकटीबद्दलची, नाराजी लिहिणाऱ्यावर काढण्यात अर्थ नाही.

मग गझल टाकणाऱ्याने वर काय लिहिलं आहे ते वाचा. 'पहिलाच प्रयत्न', 'सूचना हव्यात', 'आईच्या स्मरणार्थ' या तिन्हींना एकच उत्तर चालत नाही. स्मरणार्थ लिहिलेल्या गझलेखाली त्या दिवशी लघू-गुरूचा हिशेब मांडू नये. सांगायचं असेल तर काही दिवसांनी, वैयक्तिक संदेशातून सांगावं. पहिलाच प्रयत्न असेल तर एका वेळी एकच तांत्रिक दोष दाखवा आणि तो वृत्ताचा असू द्या. वृत्त सुधारताना ओळच बदलते, त्यामुळे इतर दोष कधी आपोआप जातात तर कधी नवे येतात.

गझल प्रमाणलेखनात नीट टंकलेली आहे का, हेही आताच पाहून घ्या. 'नाहि', 'आणी', 'मि' अशी रूपं दिसली तर ती फोनवरची टंकनचूक आहे की वृत्तासाठी मुद्दाम घेतलेला ऱ्हस्व-दीर्घ, हे मोजल्यावरच कळेल. मोजण्याआधी 'शुद्धलेखन सुधारा' असं लिहिणारा बरेचदा तोंडघशी पडतो.

टप्पा २: वृत्त मोजा, गाऊन पाहू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

वृत्त मतल्यावरून, म्हणजे पहिल्या शेरावरून, ठरवा. मतल्याचे दोन्ही मिसरे अक्षर-अक्षर सोडवून लिहा, लघूला ल आणि गुरूला गा धरून:

तुझ्या अं | गणाला | कुठे दा | र आहे
लगागा | लगागा | लगागा | लगागा

मनाला | मनाचा | च आधा | र आहे
लगागा | लगागा | लगागा | लगागा

दोन्ही मिसरे जुळले. लगागा चार वेळा, म्हणजे भुजंगप्रयात: १२ अक्षरं, २० मात्रा. आता हे माप दुसऱ्या शेराला लावा. 'दिवे लावले मी किती उंबऱ्याशी' बरोबर बसतो. पुढचा मिसरा असा सुटतो:

तरी आ | त अंधा | र फार | आहे
लगागा | लगागा | लगाल | गागा

११ अक्षरं, १८ मात्रा. 'अंधार'नंतर एक गुरू कमी आहे. हा मिसरा चालीवर म्हटला तर चूक कानाला मुळीच कळत नाही, कारण गाणारा 'अंधाऽर' असा सूर ताणून ती जागा भरून काढतो. म्हणून गटात आवाजी संदेशातून आलेली गझल ऐकून वृत्ताबद्दल बोलू नये. लिखित मागवा आणि मग मोजा.

मोजताना हमखास होणाऱ्या चुका:

- 'तुझ्या' हा शब्द गागा धरणं. जोडाक्षरामुळे मागचं अक्षर गुरू होतं ते त्यावर आघात पडला तरच. 'सत्य'मध्ये 'स'वर आघात पडतो, म्हणून तो गाल. 'तुझ्या'मध्ये 'तु'वर पडत नाही, म्हणून तो लगा. 'पुन्हा'सुद्धा लगा. वरच्या 'उंबऱ्याशी'मधला 'ब' याच कारणाने लघू आहे.
- विसर्ग विसरणं. 'दुःख' हा गाल आहे, लल नाही.
- फक्त मात्रांची बेरीज करून 'वृत्त जुळतं' म्हणणं. 'आत अजूनी अंधार फार आहे' ही ओळ मोजून पाहा: १२ अक्षरं, २० मात्रा. तरीही ती भुजंगप्रयातात नाही, कारण सुरुवातच गालल अशी होते. अक्षरगणवृत्तात लघू-गुरूंचा क्रम पाळावा लागतो. नुसती बेरीज जुळून भागत नाही.
- उलट बाजूची चूक: मात्रावृत्तातल्या गझलेला अक्षरगणाची पट्टी लावणं. मतल्याच्या दोन मिसऱ्यांत लघू-गुरूचा क्रम वेगळा पण मात्रा सारख्या दिसल्या, तर आधी मात्रावृत्ताची शक्यता धरा.

थांबा, तपासा: वृत्तदोष लिहिण्याआधी तो मिसरा दुसऱ्यांदा, शेवटून सुरुवातीकडे सोडवा. पहिल्या वेळी डोळा जे अक्षर गाळतो ते उलट मोजताना सापडतं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तरच लिहा. वृत्ताबद्दल चुकीचं सांगितलंत तर नवखा माणूस चांगला मिसरा मोडून बसतो, आणि ते नुकसान तुमच्या माफीने भरून येत नाही.

टप्पा ३: काफिया आणि अलामत

नमुन्यात 'आहे' हा रदीफ आहे. काफिये दार, आधार. न बदलणारं अक्षर 'र' आणि त्याआधीचा कायम राहणारा स्वर, म्हणजे अलामत, 'आ'. तिसऱ्या शेरात 'पूर' आला. 'र' आहे, पण अलामत 'ऊ' झाली. वृत्त पूर्ण शुद्ध, आशय तिघांत सरस, तरी काफिया चुकला. नवख्यांच्या गझलेत हे फार वेळा होतं: जो शेर मनापासून आलेला असतो त्यातच नियम सुटतो. त्यामुळे हा दोष सांगताना शेराची ताकदही त्याच वाक्यात सांगा. नाहीतर लिहिणारा तो शेरच काढून टाकतो.

दुसरी नेहमीची चूक मतल्यातच असते. मतल्यात 'मनात' आणि 'वनात' घेतले तर वाचक पुढे 'नात' या शेवटाची वाट पाहू लागतो. मग तिसऱ्या शेरात 'घरात' आला की खटकतं. इथे दोष 'घरात'चा नाही, मतल्याचा आहे. मतल्यातला एक काफिया बदलून 'मनात / घरात' केलं की पुढची सगळी वाट मोकळी होते. अभिप्रायात बोट मतल्यावर ठेवा.

'ही गझल काफियातच चुकली' असं लिहिण्याआधी स्वरकाफिया आहे का ते पाहा. माझा, होता, गेला असे केवळ 'आ' या स्वरावर जुळणारे काफिये मतल्यातच घेतले असतील तर तो लिहिणाऱ्याचा निर्णय आहे. तुम्हाला तो पटत नसेल तर 'मला पटत नाही' असं म्हणा. 'चूक' म्हणू नका.

टप्पा ४: राबता आणि भाषा

तंत्र तपासून झाल्यावरच आशयाकडे या. आधी आशयावर बोललात तर तंत्र सांगण्याच्या वेळेपर्यंत संभाषण वादात गेलेलं असतं. आशयावर मतं निघतात, मोजणीवर निघत नाहीत. एकमेकांवर विश्वास बसायला मोजणीपासून सुरुवात केलेली बरी.

नमुन्याचा मतला पुन्हा वाचा. वृत्त शुद्ध, काफिया शुद्ध. पण अंगणाला दार नसण्याचा आणि मनाला मनाचाच आधार असण्याचा संबंध काय? वाचक थोडी ओढाताण करून तो लावू शकेल, पण मिसऱ्यांनी तो लावून दिलेला नाही. दोन्ही मिसरे स्वतंत्र विधानं म्हणून चांगले आहेत, मात्र त्यांच्यात राबता, म्हणजे दोघांना जोडणारा धागा, नाही. हे तपासायची सोपी रीत अशी: पहिला मिसरा झाकून दुसरा वाचा. अर्थात काहीच कमी पडलं नाही तर राबता कच्चा आहे. तिसऱ्या शेराला हीच कसोटी लावा. 'उगा दोष देतात सारे ढगांना' काढलं तर 'हा पूर' कुठला ते कळतच नाही. म्हणजे राबता पक्का.

भाषेत भरीचे शब्द शोधा: हा, ही, ते, रे, गं, पण, तर, मग. शब्द काढून ओळ वाचा. अर्थ जसाच्या तसा राहिला तर तो वृत्तापुरता आलेला शब्द आहे. 'मज', 'तव', 'परी', 'नसे' अशी जुनी रूपं आजच्या बोलीतल्या गझलेत एखाद्याच ठिकाणी दिसली तर तीही बहुधा वृत्ताच्या अडचणीतून आलेली असतात.

'गझलियत नाही' हा शेरा मात्र पूर्णपणे टाळा. त्यातून लिहिणाऱ्याने काय करावं हे कळत नाही. तेच म्हणायचं असेल तर 'दुसऱ्या मिसऱ्यात कलाटणी मिळत नाही, पहिल्यातलीच गोष्ट पुन्हा सांगितली आहे' असं लिहा.

टप्पा ५: अभिप्राय लिहा

सापडलेले दोष आता तीन ढिगांत वेगळे करा: नियमाची चूक (वृत्त, काफिया), भाषेची अडचण (भरीचे शब्द, व्याकरण), आणि तुमची आवड. तिसरा ढीग गटात सहसा लिहू नका. लिहायचा झाला तर 'मला' या शब्दाने सुरुवात करा.

मग या क्रमाने लिहा: कोणता शेर का पोचला, दोषाची जागा, कारण, आणि प्रश्न. नमुन्यासाठी अभिप्राय असा होईल:

'ताई, तिसरा शेर फार आवडला. ढगांवरचा आळ एका नावावर आणून ठेवलात. दुसऱ्या शेराचा सानी (दुसरा) मिसरा एकदा मोजून पाहाल का? "अंधार"नंतर एक गुरू कमी वाटतोय. मतल्याच्या प्रत्येक मिसऱ्यात २० मात्रा आहेत, इथे १८ होताहेत. आणि "पूर"मुळे अलामत आ ऐवजी ऊ झाली आहे. शेर इतका चांगला आहे की काफिया बदलून तो राहावा असं वाटतं.'

मतल्याचा राबता यात मुद्दाम घेतलेला नाही. एका अभिप्रायात तीनहून जास्त मुद्दे भरले की लिहिणारा एकही नीट हाताळत नाही. तो मुद्दा सुधारित गझल आल्यावर मांडा.

पर्यायी शेर लिहून देऊ नका. मराठी गझल गटांतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारी सवय हीच आहे. वरच्या मिसऱ्यातच पाहा. 'तरी आत अंधार हा फार आहे' केलं की वृत्त बसतं, पण 'हा' भरीचा आहे. 'तरी आत अंधार का फार आहे' केलं की वृत्तही बसतं आणि ओळ प्रश्न होते, सगळ्या शेराचा सूर बदलतो. यातलं काय हवं, की दोन्ही नको आणि ओळच नवी हवी, हे फक्त लिहिणारीला ठाऊक आहे. तुम्ही लिहून दिलंत तर ती एक तर आभार मानून तुमची ओळ घेते आणि शेर तिचा राहत नाही, किंवा दुखावते आणि मूळ दोषही तसाच ठेवते. तिने आपणहून मागितलं तर द्या, तेही एखादा शब्द. अख्खा मिसरा नको.

अतिनम्रताही टाळा. 'माझ्यासारख्या अल्पमतीला असे वाटते की कदाचित' अशा सुरुवातीने मुद्दा चौथ्या ओळीत जातो आणि वाचणाऱ्याला काहीतरी वाईट येणार याची चाहूल मात्र पहिल्या ओळीतच लागते. साधं, छोटं आणि नाव घेऊन लिहा.

टप्पा ६: पाठवताना

- ज्या गझलेबद्दल बोलत आहात त्याच संदेशाला उत्तर म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर उत्तराच्या वर मूळ संदेशाच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, म्हणजे चौथ्या शेराबद्दल लिहिलंत तरी वर मतलाच दिसतो. म्हणून तो मिसरा आपल्या मजकुरात पुन्हा उतरवा.
- लगावली, म्हणजे ओळीतल्या लघू-गुरूंची मांडणी, ल, गा अशा अक्षरांतच लिहा. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ आणि मोकळी जागा दिली की व्हॉट्सॲप तिची यादी करतं, आणि दोन तारकांमधला मजकूर ठळक होऊन तारका गायब होतात. चिन्हांत लिहिलेली लगावली अशी विस्कटते.
- तुमच्याआधी कुणी तोच दोष दाखवला असेल तर पुन्हा लिहू नका. त्या अभिप्रायाला सहमतीची खूण करा, पुरे. एकाने दाखवलेली चूक ही मदत असते. तीच पाच जणांनी दाखवली की लिहिणाऱ्याला गट तुटून पडल्यासारखा वाटतो, मग प्रत्येकाचं वाक्य कितीही सभ्य असो.
- ही ओळ दुसऱ्याची आहे अशी शंका असेल तर गटात एक अक्षरही लिहू नका. आधी संयोजकांशी बोला. एकाच जमिनीत अनेकांनी गझला लिहिणं ही चोरी नाही, आणि सारखा खयाल (कल्पना) दोघांना स्वतंत्रपणे सुचूही शकतो. जाहीर आरोप मागे घेता येतो, पण झालेली बदनामी पुसली जात नाही.

थांबा, तपासा: पाठवण्याआधी अभिप्रायातलं लिहिणाऱ्याचं नाव काढून गटातल्या सर्वांत ज्येष्ठ गझलकाराचं नाव घाला आणि पुन्हा वाचा. जे वाक्य तुम्ही त्यांना लिहिलं नसतं ते नवख्यालाही लिहू नका. उलट, ज्येष्ठांच्या गझलेत वृत्त सुटलं असेल तर तेही याच शब्दांत दाखवा. नवखे नियम खरे मानतात की नाही ते इथेच ठरतं.

टप्पा ७: उत्तर आल्यावर

लिहिणाऱ्याने 'पण हे मी असंच ठेवणार' म्हटलं तर एकदाच विचारा: सूट म्हणून ठेवताय, की मोजणी वेगळी येते आहे? मोजणी वेगळी येत असेल तर लगावली समोरासमोर मांडा. सूट असेल तर विषय तिथे संपला. तिसरं उत्तर लिहू नका.

मोजणीत तुमचीच चूक निघाली तर 'तुमचं बरोबर आहे, "तुझ्या" मी गागा धरला होता' असं त्याच धाग्यात लिहा. आपला जुना अभिप्राय पुसू नका. तो पुसला की खालची उत्तरं निराधार लटकतात आणि तीच शंका असलेल्या दुसऱ्या सदस्याला उत्तर सापडत नाही.

गझल टाकणाऱ्यांसाठी

वर एक ओळ लिहा: 'वृत्त भुजंगप्रयात, सूचना हव्यात' किंवा 'फक्त आस्वादासाठी'. वृत्ताचं नाव किंवा लगावली दिलीत की अर्धे गैरसमज तिथेच संपतात. नाव ठाऊक नसेल तर नुसती लगावली पुरते.

सूचना आली की मूळ संदेश लगेच बदलू नका. व्हॉट्सॲपवर संदेश १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो, फेसबुकवर नंतरही बदलता येतो. पण मूळ ओळ बदलली की तिच्याखालचा अभिप्राय चुकीचा दिसू लागतो आणि ज्याने वेळ काढून मोजलं तो तोंडघशी पडतो. मूळ ओळ राहू द्या, खाली 'सुधारित' असं लिहून नवा शेर टाका. सुधारणेला घाई नको. त्याच संध्याकाळी टाकलेल्या दुरुस्तीत बहुतेक वेळा भरीचा शब्द असतो.

प्रत्येक अभिप्रायाला समर्थन देण्याची गरज नाही. तांत्रिक सूचना मोजून पाहा आणि 'पाहिलं, बरोबर आहे' किंवा 'पाहिलं, मला असं येतंय' एवढं लिहा. आवडीनिवडीवरच्या मतांना आभार पुरतात. एकच शेर तीन वाचकांनी 'कळला नाही' म्हटला तर अर्थ समजावून सांगत बसू नका. शेराखाली टीप लावून तो पोचत नसतो. राबत्याची कसोटी लावून मिसरा पुन्हा लिहा.

संयोजकांसाठी

गटात कोणत्या सुटी चालतात ते चार ओळींत लिहून वर टाचून ठेवा: दोन लघूंचा गुरू, स्वरकाफिया, किमान पाच शेरांची अट, पर्यायी शेरांना मनाई. वाद झाला की संभाषण बंद करण्याआधी त्या ओळींकडे बोट दाखवा. भांडण व्यक्तींचं असेल तरच दोघांशी वेगवेगळं बोला. भांडण मोजणीचं असेल तर ते गटातच, लगावली मांडून सुटू द्या, कारण न बोलता वाचणाऱ्या सदस्यांना वृत्त शिकायची संधी त्याच वेळी मिळते.